वरच्या तीन गल्ल्यांतल्या विहिरी

पद्मावतीबाईंनी तो नकाशा पहिल्यांदा पाहिला तो उभ्यानं, कमरेवर हात ठेवून, आणि पाहिल्याबरोबर त्यांचं डोकं फिरलं.

क्षमानं तो मधल्या खोलीत जमिनीवर पसरला होता. भला मोठा कागद, चार कोपऱ्यांवर चार वजनं: वरवंटा, अडकित्ता, प्राणेशचा चष्म्याचा डबा आणि देवघरातलं पंचपात्र. एरवी नुसतं पंचपात्र बघून बाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं. पण नात कागदाशेजारी बसून मुसमुसत होती. एकवीस वर्षांची घोडी, एम.ए.ला भूगोल घेतलेली, आणि पदरानं नाक पुसत होती.

"काय झालं गं? कोण मेलं?"

"कुणी नाही अज्जी. खोडायला सांगितलंय."

"काय खोडायला?"

"विहिरी."

बाईंना वाटलं, पोरीला ताप चढलाय. क्षमानं मग नीट सांगितलं. हा बसवनगुडी वस्तीच्या त्यांच्या बाजूचा नकाशा. निळं बारीक वर्तुळ म्हणजे विहीर. तपकिरी रेघा म्हणजे जमिनीची उंची. "भूगोलात नकाशा नुसता बघत नाहीत अज्जी, त्यातनं आकडे काढतात. वर्तुळं मोजायची, रेघांशी ताडून बघायची, आणि सांगायचं, कुठल्या उंचीवर पाणी आहे आणि कुठं नाही. माझा प्रबंध त्यावरच आहे."

"मग काढ की आकडे. रडायला काय झालं?"

"काढले. खाली तिगळ माळ्यांच्या मळ्यांत चौदा विहिरी. वर आपल्या तीन गल्ल्यांत एक."

"एक?"

"एकच."

बाई गुडघ्यांना शिव्या देत खाली बसल्या. "आपलं घर दाखव." क्षमानं एका काळ्या चौकटीवर बोट ठेवलं. तीळभर चौकट. ती बाईंना चालली. कागदावर हत्ती मावत नाही एवढं त्यांना कळत होतं. "आणि मागची विहीर?"

"नाही काढलेली."

"नाही काढलेली? मग बावन्न वर्षं मी पाणी ओढते ते कुठनं? आकाशातनं?"

त्यांचा राग समजून घ्यायचा तर त्या विहिरीचं घरातलं स्थान समजून घ्यायला हवं. नळ येऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते हे बाईंना कुणीतरी सांगितलं होतं. त्या दिवसापासून नळाचं पाणी भांडी घासायला आणि अंगण शिंपायला. देवाला, स्वयंपाकाला, पारण्याला विहीर. तीन गल्ल्यांत सगळ्या घरी हीच रीत. पुरुष ऑफिसात जात, साहेबाबरोबर बशीतनं चहा पीत, आणि घरी आले की विहिरीच्या पाण्यानं पाय धूत.

"तेच तर मी लिहिलं," क्षमा म्हणाली. "दिवाळीच्या सुट्टीत घरोघर जाऊन मोजल्या. तीन गल्ल्यांत चोवीस निघाल्या. नकाशावरचे आकडे एका तक्त्यात मांडले, जागेवरचे दुसऱ्यात. प्रबंध तपासणाऱ्या आगाशे सरांनी दुसऱ्या तक्त्यावर लाल पेन्सिलीनं काट मारली. याच नकाशावरनं त्यांनी दोन वर्षांपूर्वी लेख लिहिलाय. उंचवट्यावर खडक वरच लागतो, पाणी खोल गेलंय, म्हणून इथं विहिरी नाहीत, असं. ते म्हणतात, जास्तीच्या तेवीस काढून टाका, तर सही. शनिवारी बारापर्यंत प्रबंध गेला नाही तर माझं वर्ष गेलं."

तेवढ्यात प्राणेश ऑफिसातनं आला. बाईंचा थोरला, क्षमाचा बाप. त्यानं सगळं ऐकलं, टोपी खुंटीला लावली आणि म्हणाला, "खोडून टाक की. तेवीस विहिरींनी जगाचं काय अडतंय? वर्ष तरी वाचेल."

"प्राणेशा," बाई म्हणाल्या, "उद्या कुणी कागद पुढं करून म्हणालं, तुला आई नाही, तर मलाही खोडशील?"

"आई, प्रत्येक गोष्टीत तू..."

"मी काय? बोल!"

प्राणेशनं आपला चष्म्याचा डबा उचलला. नकाशाचा तो कोपरा सुरकन गुंडाळत वर आला आणि मळ्यांतल्या चौदा विहिरी झाकून गेल्या.

क्षमाला एम.ए.ला घातलं ते बाईंनी. त्या स्वतः कानडी शाळेत दोन यत्ता शिकल्या, तिसरीत लग्न झालं. वाचायला येई, पण बोट ठेवून. नातीला स्थळं यायला लागली तेव्हा त्यांनी मध्यस्थाला दारातच सांगितलं होतं, मुलगी शिकते आहे, थांबायचं असेल त्यानं थांबावं, घाई असेल त्यानं दुसरी बघावी. त्या पोरीचं वर्ष कोण कुठला मास्तर लाल पेन्सिलीनं खाणार?

"उद्या मी येते तुझ्या कॉलेजात," त्या म्हणाल्या. "आणि ते पंचपात्र उचल आधी."

*

शुक्रवारी सकाळी घोड्याचा जटका करून दोघी गेल्या. प्रोफेसर विद्याधर आगाशे पुण्याचे, चाळिशीचे, इस्त्रीचा बुशशर्ट घातलेले. खोलीच्या चारी भिंतींना नकाशे. बाईंना बघून ते चटकन उभे राहिले, खुर्ची पुढं केली. माणूस उद्धट असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"या, या आजी. क्षमा बोलली नव्हती तुम्ही येणार म्हणून. घरी मराठीच बोलता ना तुम्ही लोक? इकडचं मराठी मला फार गोड वाटतं हो. जरा कानडी वळणाचं..."

"मास्तर," बाई म्हणाल्या, "आम्हाला इथं येऊन तीनशे वर्षं झाली. तुम्हाला तीन. वळण कुणाचं चुकलंय ते मागनं बघू. आधी माझ्या विहिरीचं बोला."

क्षमानं डोळे मिटून घेतले. आगाश्यांनी मात्र शांतपणे नकाशा टेबलावर उलगडला.

"नकाशावरचं प्रत्येक चिन्ह जागेवर जाऊन, बघून काढलेलं असतं. घरात बसून कुणी वर्तुळं काढत नाही. म्हणून आम्ही तो पुरावा धरतो."

"माझ्या जागेवर कोण आलं होतं बघायला?"

"मीही तेच विचारतो. ज्या माणसानं मळ्यांतल्या चौदा विहिरी एकेक टिपल्या, त्याला वर चढल्यावर तेवीस दिसू नयेत? आंधळा झाला तो? त्या नंतर खणल्या असतील."

"नंतर? सासऱ्यांनी शक कोरून ठेवलाय दगडावर! मी लग्न होऊन आले तेव्हा त्या दगडावर शेवाळ होतं!"

"असे सात दगड आहेत. क्षमानं लिहिलंय, मी वाचलंय. सात म्हणजे तेवीस नव्हेत. आणि समजा तेवीस जुन्या आहेत. तरी मग का सोडल्या? नकाशा चुकला म्हणायचं तर तो का चुकला ते सांगावं लागतं आजी. नाहीतर उद्या प्रत्येक विद्यार्थी उठेल, नकाशाला खोटं ठरवेल आणि मनाला येईल तो आकडा लिहील. मला कारण आणून द्या. मी तिथल्या तिथं सही करतो."

बोलणं सरळ होतं. सरळ होतं म्हणूनच बाईंचा अंगार झाला. "तुमचा लेख पडेल म्हणून हातपाय गळालेत, तसं सांगा की!"

आगाश्यांचे कान लाल झाले. "लेख याच नकाशावर उभा आहे. नाही म्हणत नाही."

"आणि ही एक कशी उगवली मग तुमच्या खडकात?" बाईंनी वरच्या गल्ल्यांतल्या एकट्या निळ्या वर्तुळावर बोट आपटलं.

"छपाईची चूक असावी. एखादा ठिपका येतो असा."

"बरं! तुम्हाला नको ती छपाईची चूक, आम्हाला नको ती आमची चूक. कधी आला होता तुमचा तो डोळस माणूस?"

आगाश्यांनी नकाशाच्या खालच्या काठावर बोट ठेवलं. "इथं लिहिलंय. सर्व्हे, हंगाम एकोणीसशे चौतीस-पस्तीस. पाऊस संपला की निघतात हे लोक. म्हणजे तुमच्या हिशेबात कार्तिक, मार्गशीर्ष..."

बाईंनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

चौतीस साल. प्राणेश कॉलेजात गेला ते वर्ष. कार्तिक. बसवण्णाच्या देवळापुढं शेंगांची जत्रा भरली होती तो आठवडा.

"चल क्षमा," त्या उठल्या.

"कारण मिळालं तर उद्या बारापर्यंत मी इथंच आहे," आगाशे म्हणाले. त्यांच्या आवाजात कुचकेपणा नव्हता. बाईंना तो शोधूनही सापडला नाही, आणि त्याचाही राग आला.

जटक्यात क्षमा फुटली. "अज्जी, तू गप्प बसलीस? तू? भाजीवाल्याला अर्ध्या काकडीसाठी रडवणारी तू, आणि तिथं शेपूट घालून उठलीस?"

"घोड्याकडं बघ."

"घोड्याकडं काय बघू? माझं वर्ष..."

"बघ म्हटलं ना!"

घोडं आपल्या चालीनं चाललं होतं आणि बाईंच्या डोळ्यांपुढं मागचं दार उघडत होतं. द्वादशीची सकाळ. पारण्याची वेळ टळू द्यायची नाही म्हणून ओल्या सोवळ्यात त्यांनी पहिली घागर वर काढली होती. मागचं दार ढकलून एक खाकी कपड्यांतला तरुण माणूस आत आला. हातात फळी, फळीवर कागद. त्याच्या मागं साखळी आणि झेंड्याची काठी घेतलेला गडी. "अम्मा, स्वल्प विहीर बघू देता?" असं तो अदबीनं, कानडीत म्हणाला, आणि त्याचा पाय विहिरीच्या ओट्यावर पडला.

बाईंनी भरली घागर जमिनीवर ओतली. जे तोंडाला आलं ते बोलल्या. तो माणूस ओट्यावरनं उतरला, फळी छातीशी धरली आणि गेला. बाईंनी परत अंघोळ केली, पारण्याची वेळ टळली, आणि त्या रागात त्या ओलेत्यानंच तीन गल्ल्या फिरल्या. दार न् दार वाजवलं. "मागची दारं लावून घ्या. सरकारची माणसं विहिरी बाटवत हिंडताहेत." तासाभरात सगळ्या कड्या लागल्या. तेव्हा तीन गल्ल्यांत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं.

ही गोष्ट त्यांनी कितीतरी वर्षं रंगवून सांगितली होती. हळदीकुंकवाला, लग्नात, बाळंतिणीच्या खोलीत. सांगायची कधी बंद केली ते त्यांना आठवेना.

"ती एक विहीर कुणाची गं?" त्यांनी एकदम विचारलं. "ती छपाईची चूक?"

"अहल्याअज्जींची. मागच्या गल्लीतली."

"जटका तिकडं घ्यायला सांग."

*

अहल्याबाई बाईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, अंगानं गोल, हसऱ्या. मागच्या ओसरीवर तूर निवडत बसल्या होत्या. पलीकडं त्यांची विहीर.

"ये पद्दक्का. क्षमा, तूही? बसा, कॉफी टाकते."

"कॉफी राहू दे. चौतीस साली सर्व्हेवाला आला होता. आठवतं?"

अहल्याबाईंचा हात सुपात थांबला. "कुणी सांगितलं तुला?"

"कागदानं."

"अय्यो."

"अय्यो काय! दार लाव म्हणून मी स्वतः येऊन सांगून गेले होते."

"लावलं होतं की. सासूबाईंनी लावलं. मग दुपारी त्या झोपल्या आणि मी उघडलं." अहल्याबाईंनी सूप खाली ठेवलं. "नवी नवरी मी. दाराबाहेर ते दोघंजण भिंतीच्या सावलीला बसले होते. तोंडं सुकलेली. पाणी मागितलं, मी दिलं. वर गुळाचा खडा दिला. मग त्यानं विहिरीत दोरी सोडून खोली मोजली, वहीत लिहिलं. जाताना म्हणाला, अम्मा, या तीन गल्ल्यांत मला दिसली ती तुमचीच एक विहीर. बाकीच्या घरांत बहुतेक आकाशातनं पाणी पडतं."

"आणि अठ्ठावीस वर्षं तू मला बोलली नाहीस?"

"बोलून मरायचं होतं काय मला? तुझ्याकडनं?"

"माझ्या पंक्तीला जेवलीस! त्याच विहिरीचं पाणी घेऊन माझ्याकडं पारण्याला आलीस!"

"आले. तुझं काही वाकडं झालं?"

अहल्याबाईंना हसू फुटलं. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "सगळ्या गल्ल्या तुझं ऐकतात म्हणून तू एवढं मिरवायचीस पद्दक्का, आणि मी मनात म्हणायची, एक वजा. एक वजा!"

"हसू नकोस अहल्ये. थोबाड फोडीन."

क्षमा आजीकडं बघत होती, अहल्याबाईंकडं बघत होती. आणि मग तिचा चेहरा असा उजळला, जसा ती रडायला लागल्यापासून उजळला नव्हता. "अज्जी! जिथं दार उघडलं तिथं वर्तुळ, जिथं लावलं तिथं कोरा कागद! खडक नाही, उंची नाही, काही नाही. नकाशावर विहिरी नाहीतच, उघडी दारं आहेत! खाली मळ्यांत विहिरी उघड्यावर, म्हणून चौदाच्या चौदा आल्या. अय्यो, आगाशे सरांना कारण हवं होतं ना..." तिनं अहल्याबाईंना मिठी मारली.

"नाचतेस काय?" बाई म्हणाल्या. "ते कारण मी आहे."

क्षमाचा हात अहल्याबाईंच्या खांद्यावरनं खाली आला. मग ती हळूच म्हणाली, "अज्जी, नुसतं ऐकलंय म्हणून सर घेणार नाहीत. कुणी केलं, काय केलं, नावानिशी लिहावं लागेल."

बाई उठल्या आणि चालत घरी गेल्या. जटकेवाला मागनं पैशासाठी ओरडत राहिला.

*

संध्याकाळी क्षमा कागद-पेन घेऊन आजीपुढं बसली. आधी तिनं आपणच चार ओळी लिहून आणल्या होत्या. त्या वाचून दाखवल्या: "काही धार्मिक कारणांमुळे सर्व्हे करणाऱ्यांना परसदारी प्रवेश मिळू शकला नाही."

"कुणामुळे मिळू शकला नाही?"

"धार्मिक कारणांमुळे."

"धार्मिक कारण उठलं आणि त्यानं कडी लावली काय? का वाऱ्यानं दार मिटलं? कोण आडवं आलं ते लिही."

"प्रबंधात असंच लिहितात अज्जी."

"म्हणूनच तुमच्या प्रबंधांतनं विहिरी गायब होतात. फाड तो कागद. लिही, मी पद्मावती..."

प्राणेश आतनं आला. त्याला सगळं कळलं होतं. या घरात भिंतींना कान लागत नसत, बाईंचा आवाजच पुरे होता. "आई, हे कॉलेजच्या लायब्ररीत राहणार. कायमचं. आपलं नाव घालून. आता कायदा झालाय या सगळ्याविरुद्ध. ऑफिसात माझ्या शेजारी कोण कोण बसतं तुला माहीत आहे? लोक काय म्हणतील?"

"खरं म्हणतील. कधी नव्हे ते."

"नाव नको. 'एका वृद्ध रहिवासी स्त्रीनं' असं लिहिता येईल."

"कोण ती? तिला पुढं घेऊन ये, मला बघायचीय." बाईंनी त्याच्याकडं पाठ केली. "लिही क्षमा. मी पद्मावती, चौतीस सालच्या कार्तिकातल्या द्वादशीला मागच्या दारानं विहीर बघायला आलेल्या सर्व्हेच्या माणसाला हाकललं. लिहिलंस? हाकललं. 'विनंती केली' लिहिलंस तर कान उपटीन. मग मी तीन गल्ल्यांत फिरून सगळ्यांना दारं लावायला लावली."

क्षमा भराभर लिहीत होती. "त्याला काय बोललीस?"

बाईंनी सांगितलं. तीन वाक्यं होती. त्यात त्याची जात न विचारताच काढली होती, त्याच्या सावलीला, त्याच्या आईला एकेक शब्द होता. क्षमाचं पेन थांबलं होतं.

"हे लिहू?"

"बोलताना लाज वाटली नाही, लिहिताना कसली?" आवाज चढलाच होता, पण बाई बघत होत्या खिडकीकडं.

क्षमानं लिहिलं. मग मान वर न करता विचारलं, "अज्जी, उद्या तो परत आला, तर विहिरीवर येऊ देशील?"

"प्रबंधात आहे काय हा प्रश्न?"

"नाही."

"मग पुढं लिही."

"त्याचं नाव काय होतं?"

"विचारलं नाही."

"मग मोकळी जागा सोडते."

"मोकळी कशाला सोडतेस? आधीच थोडं मोकळं सोडलंय काय त्या कागदावर? नाव विचारलं नाही, असंच लिही."

खाली त्यांनी सही केली. 'पद्मावती' लिहायला त्यांना जेवढा वेळ लागला तेवढ्यात चुलीवरचं सार उतू गेलं, आणि सुनेला त्याबद्दल बोलणी बसली.

*

शनिवारी सूर्य उगवल्यापासून बाई तीन गल्ल्या फिरत होत्या. चौतीस सालची जी माणसं हयात होती त्यांची त्यांनी दारं वाजवली. अकरा जणी निघाल्या. दोघींना ऐकू येत नव्हतं, त्यांच्या कानात ओरडावं लागलं. 'पद्दक्का सांगून गेली म्हणून दार लावलं' एवढंच एक वाक्य, खाली सही नाहीतर अंगठा. बायकांनी केल्या. काहींनी तर जरा जास्तच आनंदानं केल्या, ते बाईंच्या नजरेतनं सुटलं नाही.

अडले ते एकटे भीमाचार्य. ते संध्येला बसायच्या तयारीत होते. "यावर मी सही करणार नाही. सोवळ्याची चारचौघांत बदनामी आहे ही."

"आचार्य, तुमच्या परसात पाणीच नाही, नुसता खडक आहे, असं छापून आलंय. ठाऊक आहे?"

"कुणी छापलं?"

"शिकलेल्या माणसानं. म्हणजे गेली चाळीस वर्षं तुम्ही जी संध्या करता ती कोरड्यानं करता, असं झालं. तसं असेल तर राहू दे सही. मी गल्लीत सांगते तसं."

आचार्यांनी जानवं सावरलं आणि पेन मागितलं.

सव्वाअकराला दोघी आगाश्यांच्या खोलीत होत्या. बाईंनी कागद टेबलावर ठेवले आणि खुर्चीत बसल्या. या खेपेला कुणी बसा म्हणायची वाट बघितली नाही.

आगाश्यांनी पहिला कागद वाचला. परत वाचला. तीन वाक्यांशी ते अडखळले, त्यांनी बाईंकडं बघितलं. बाईंनी नजर हलवली नाही. मग बारा जणांच्या सह्या आणि अंगठे बघितले. शेवटी क्षमानं लिहून आणलेला अहल्याबाईंचा जबाब: दार उघडलं, पाणी दिलं, त्यानं दोरीनं खोली मोजली. आगाशे उठले आणि टेबलावरच्या नकाशातल्या त्या एकट्या निळ्या वर्तुळाजवळ त्यांनी चष्मा वर करून डोळे नेले.

"ही चूक नव्हती," ते स्वतःशी म्हणाले. "हीच एक बरोबर होती. मी काढून टाकली."

क्षमा म्हणाली, "सर, नकाशावरचा तक्ता मी ठेवलाय. जागेवरचाही. आणि दोन्हींत फरक का, त्याचं हे पान. पहिला तक्ताही खरा आहे, फक्त तो पाण्याचा नाही."

"कसला आहे मग?"

"सर्व्हेवाल्याला कुठं आत घेतलं, त्याचा."

आगाश्यांनी लाल पेन्सिलीची काट रबरानं पुसायचा प्रयत्न केला. ती पुरती गेली नाही, कागद मात्र गुलाबी झाला. मग त्यांनी प्रबंधाच्या पहिल्या पानावर सही केली, तारीख घातली. "हे पान दुसऱ्या प्रकरणाच्या सुरुवातीला घे. मागं लपवू नकोस. आणि जा आता, पावणेबारा झालेत."

क्षमा प्रबंध छातीशी धरून दारापर्यंत पोचली. आजी उठल्या नव्हत्या.

"अज्जी, चल ना."

"तू देऊन ये. मी बसते." बाईंनी पदर खोचला. "मास्तर, मी माझं लिहून दिलं. नावानिशी. तुमचं कुठं आहे?"

"माझं काय?"

"तुम्ही त्या लेखात छापलंत ना, आमच्याकडं खडक आहे, पाणी नाही म्हणून? तो लेख अजून कुठं कुठं कुणी वाचत असेल. आणखी एखादी पोरगी त्यातनं आकडे काढत असेल."

"पुढच्या अंकात मी दुरुस्ती पाठवीन. नक्की पाठवीन."

"पाठवाल. मी अठ्ठावीस वर्षं घेतली, मला ठाऊक आहे असं नक्की कसं असतं. आत्ता लिहा."

"आजी, असं एका बैठकीत..."

"मी तुमची आजी नव्हे. लिहा."

आगाश्यांनी दाराकडं बघितलं, घड्याळाकडं बघितलं. मग एक कोरा कागद ओढला आणि इंग्रजीत लिहायला लागले. बाई त्यांच्या हाताकडं बघत राहिल्या. क्षमा प्रबंध देऊन, धापा टाकत परत आली तेव्हा कागदावर अडीच ओळी झाल्या होत्या आणि पेनचं टोपण लागलं होतं.

"वाच," बाई म्हणाल्या. "मराठीत सांग."

क्षमानं कागद उचलला. "वरच्या भागात विहिरी नाहीत, असं मी पूर्वी म्हटलं होतं. नव्या माहितीवरून तिथं चोवीस विहिरी असल्याचं दिसतं."

"पुढं?"

"पुढं काही नाही अज्जी."

"कुणी चूक केली ते?"

"नाही."

बाईंनी तो कागद तिच्या हातातनं घेतला, उलटा, सुलटा करून बघितला, आणि परत टेबलावर आगाश्यांपुढं सरकवला. मग टोपण काढून पेनही त्यांच्यापुढं ठेवलं.

"बरीच जागा आहे अजून," त्या म्हणाल्या.